दादाचं कोपर

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. आईला घेऊन मी पांढुर्ण्याला मामाकडे गेलो होतो. दुपारची जेवणं आटोपली होती आणि आम्ही ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. आतून वहिनीने हाक मारली म्हणून दादा उठला. उठताना त्याने फक्त डावा हात खुर्चीच्या दांड्यावर टेकला. उजवा हात पोटाशी धरून ठेवला होता.

"दादा, हाताला काय झालं रे?"

"काही नाही बे. जोर देला की सटकते."

एवढं बोलून तो आत गेला. माझ्या मात्र पोटात गोळा आला, कारण त्या हाताची गोष्ट मला अडीच महिने आधीच कळली होती आणि मी ती विसरून गेलो होतो.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आपल्यापैकी अनेकांची आजोळं बैतूल, मुलताई, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात आहेत, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीतला मामेभाऊ म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. विहिरीत पोहायला मला त्यानेच शिकवलं, हनुवटीखाली आपला उजवा हात धरून. पुढे मी विदिशाहून बीई केलं, भोपाळला नोकरीला लागलो. तो संत्र्याच्या बागेत राहिला. तीन एकर बाग, एक मोटारसायकल, दोन मुलं आणि मामा-मामी.

पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी, पावसात, बागेतून येताना त्याची गाडी घसरली. पडताना माणूस आपोआप हात पुढे टाकतो. त्यानेही टाकला आणि सगळं वजन त्या हातावर आलं. कोपर निखळलं. रात्र झाली होती, पाऊस थांबत नव्हता, आणि हाड बसवणारा माणूस पुढच्याच आळीत राहत होता. त्याने ओढून सांधा बसवला, बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली आणि रोज तेलाने चोळायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दादाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर सुजलेल्या कोपराचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "बसवला. फोटो काढू का?" फोटो म्हणजे एक्स-रे. त्या आठवड्यात आमचं रिलीज होतं. मी दोन मीटिंगच्या मधे उत्तर दिलं, "बसवलाय ना, मग आराम कर. सूज उतरली की बघू." पुढे त्याने अंगठा पाठवला. मी पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवाळीनंतर कोपर या विषयावर मी जेवढं वाचलं आणि डॉक्टरांकडून ऐकलं, त्यातलं आपल्या घरांना उपयोगी पडेल तेवढं इथे लिहितो. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. त्यामुळे काही समजावताना माझी भाषा यंत्राकडे गेली तर सांभाळून घ्या.

कोपरात तीन हाडं भेटतात. वरून दंडाचं हाड येतं आणि खालून मनगटाकडची दोन, एक करंगळीच्या बाजूचं आणि एक अंगठ्याच्या बाजूचं. करंगळीच्या बाजूचं हाड दंडाच्या हाडाला पान्ह्यासारखं मिठी मारून असतं, म्हणून हात बिजागरीसारखा मिटतो-उघडतो. अंगठ्याच्या बाजूचं हाड स्वतःभोवती फिरतं, म्हणून तळहात वर-खाली करता येतो. या तिघांना दोन्ही बाजूंनी चिवट पट्टे बांधून ठेवतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. मोठ्या माणसांच्या मोठ्या सांध्यांमध्ये खांद्याच्या खालोखाल निखळणारा सांधा म्हणजे कोपर. निखळताना हे पट्टे तुटतात किंवा हाडापासून सुटतात.

बहुतेक वेळा, हाड मोडलेलं नसेल तर, सांधा वेळेवर बसवून थोडे दिवस आधार दिला आणि मग लवकर हालचाल सुरू केली की हे पट्टे आपोआप जुळतात आणि शस्त्रक्रिया लागत नाही. तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कोपर बांधून ठेवलं तर ते आखडतं. आणि काहींच्या बाबतीत बाहेरच्या बाजूचा पट्टा नीट जुळतच नाही. मग सांधा बसलेला असतो, पण कुलूप न लावलेल्या दारासारखा. वारा नसेल तोवर बंद, धक्का लागला की उघडा.

आमच्याकडे हेच झालं होतं. पाण्याची बादली उचलताना कोपरात कट्ट आवाज यायचा. फवारणीचा पंप पाठीवर चढवताना हात दगा द्यायचा. दोनदा तर रात्री कूस बदलताना सांधा अर्धवट सरकला होता आणि वहिनीने हात ओढून तो जागेवर आणला होता. हे आम्हाला त्या भाऊबीजेच्या दिवशी, मामीने रागाने सांगितलं तेव्हा कळलं. दादाचं म्हणणं, "संत्री निघू दे, मग पाहू."

संत्र्याचा हिशेब असा असतो: आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आसपास सुरू होऊन डिसेंबरपर्यंत निघतात. मृग बहार धरला तर तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. दादाने त्या वर्षी मृग धरला नव्हता. म्हणजे जानेवारीपासून त्याच्याकडे वेळ होता आणि पुढच्या नोव्हेंबरला हात शाबूत हवा होता. जानेवारीत मी स्वतः जाऊन त्याला रेल्वेने घेऊन आलो. नागपूर त्याला भोपाळहून जवळ होतं, पण तिथे महिना-दोन महिने राहायला आमचं कोणी नव्हतं. इथे मी होतो.

आधी आम्ही एका खासगी दवाखान्यात गेलो. एक्स-रे काढला, तो अगदी स्वच्छ आला. टेनिस एल्बो असेल म्हणून गोळ्या आणि पट्टा दिला. टेनिस एल्बो हे नाव आपल्याला सचिनमुळे माहीत आहे, २००५ मध्ये त्याची त्यासाठीच शस्त्रक्रिया झाली होती. पण ते दुखणं स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथलं असतं. त्यात सांधा सरकत नाही. दादाचं दुखणं वेगळं होतं हे त्याच्या "सटकते" या एका शब्दातच होतं, पण तो शब्द विचारायला कोणाला वेळ नव्हता. दुसऱ्या एका ठिकाणी निदान बरोबर झालं, पण एमआरआय, हाडात रोवायचे अँकर आणि बाहेरून मागवायचा बिजागरीचा पट्टा धरून जो खर्चाचा कागद हातात आला, तो पाहून दादा हसला. "एवढ्यात दोन म्हशी येते बे." मी म्हटलं, पैसे मी देतो. त्यावर तो हसायचा थांबला आणि त्या संध्याकाळी जेवताना माझ्याशी बोलला नाही.

शेवटी एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी सातपासून रांगेत बसलो. तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी कागदावर पांढुर्णा वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गोटमार में लगी क्या?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर होणाऱ्या दगडफेकीच्या मेळ्याने आमच्या आजोळाचं नाव इतकं दूर नेलं आहे. दादाने गाडीची हकिकत सांगितली. मग डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि म्हणाले, "या खुर्चीवर बसा. तळहात वरच्या दिशेला ठेवून, दोन्ही हातांवर जोर देऊन उठा."

दादा अर्धा उठला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. उजवं कोपर पुढे जाईना. "बस," डॉक्टर म्हणाले, "कळलं."

जे मी ओसरीवर सहज पाहिलं होतं, ती या आजाराची खरीखुरी तपासणी होती. माणूस आरामात बसलेला असताना सांधा जागेवरच असतो, म्हणून एक्स-रेत काही दिसत नाही. तळहात वर आणि हातावर वजन, असं झालं की मनगटाकडची दोन्ही हाडं मिळून बाहेरच्या बाजूने गोल फिरून मागे सरकतात. रुग्णाला ते होण्याआधीच भीती वाटते आणि तो थांबतो. ओड्रिस्कॉल, बेल आणि मोरे या डॉक्टरांनी हा प्रकार १९९१ मध्ये नीट उलगडून मांडला. म्हणजे कोपर निखळणं माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहे, पण ते नंतर असं का सटकत राहतं हे नेमकं समजून घेणं माझ्या लहानपणाइतकंच जुनं आहे.

एमआरआयबद्दल मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, करून आणलात तर पाहीन, पण त्यावाचून अडणार नाही. हाताला भूल दिली की भीतीने आवळलेले स्नायू सैल पडतात, तेव्हा मी हात फिरवून पाहीन आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या सी-आर्म यंत्रावर सांधा सरकताना दिसेल. अँकरबद्दलही तसंच. अँकर म्हणजे दोरा बांधलेला छोटा खिळा, तो हाडात बसवतात. काम सोपं आणि जलद होतं, पण एकेकाची किंमत बरीच. तो नसेल तर हाडातच तीन-चार मिलिमीटरचे बोगदे पाडायचे आणि पट्टा त्यांतून ओवून बांधायचा. जास्त वेळ लागतो, हात जास्त सफाईचा लागतो, पण मूळ पद्धत हीच आहे.

"आणि नवा पट्टा कुठून आणणार?" मी विचारलं.

डॉक्टरांनी दादाला अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वळवायला सांगितलं. मनगटाच्या मधोमध एक दोरीसारखी शीर ताठ उभी राहिली. तिला पामॅरिस लाँगस म्हणतात. एका लहानशा स्नायूची ती दोरी, टेंडन. ती काढली तरी हाताच्या पकडीत कळण्यासारखा फरक पडत नाही. काही माणसांमध्ये ती जन्मतःच नसते आणि त्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. वाचता वाचता तुम्हीही करून पाहा. आमच्या घरी त्या रात्री सगळ्यांनी करून पाहिलं. बायकोला दोन्ही हातांना आहे, लेकीला आहे, मला फक्त डाव्या हाताला. दादा म्हणाला, "इंजिनिअर हाफ पीस हाय."

ही दोरी कोपरात लावायची कल्पना जगप्रसिद्ध झाली ती बेसबॉलमुळे. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या खेळाडूच्या कोपराचा आतल्या बाजूचा तुटलेला पट्टा, त्याच्याच दुसऱ्या हातातली ही दोरी काढून नव्याने बांधला. तो पुन्हा खेळण्याची शक्यता डॉक्टरांच्या मते शंभरात एक होती. तो १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. अमेरिकेत या शस्त्रक्रियेला आजही त्याचंच नाव आहे. दादाचा पट्टा बाहेरच्या बाजूचा होता, पण युक्ती तीच. लाखो डॉलर कमावणाऱ्या खेळाडूसाठी जो सुटा भाग वापरला, तोच पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याच्या मनगटात फुकट बसलेला होता.

एक शंका उरली होती. दोरी बांधूनही सांधा सैल वाटला तर? परदेशात अशा वेळी बाहेरून बिजागरीची चौकट लावतात, ती फार महाग. डॉक्टरांनी कपाटातून एक साधीशी चौकट काढून दाखवली. हाडातून जाणाऱ्या बारीक तारा, छोटे जोड आणि सळ्या. "हे मुंबईचं आहे," ते म्हणाले. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी ही पद्धत तयार केली, 'जेस' म्हणतात तिला, जोशी यांच्या नावावरून. लहान मुलांचे वाकडे पाय सरळ करण्यापासून हाताच्या दुखापतींपर्यंत आपल्या देशात ती खूप वापरली गेली, कारण ती स्वस्त आहे आणि तिचे भाग इथेच बनतात. दादाला तिची गरज पडली नाही, पण पडली असती तर ती होती. हे ऐकून मला जो धीर आला तो विमा पॉलिसी पाहून कधी आला नव्हता.

शस्त्रक्रियेची पहिली तारीख हुकली. पहाटे महामार्गावर अपघात झाला होता आणि त्या जखमींना आधी घ्यावं लागलं. दादा उपाशीपोटी दुपारी दोनपर्यंत पलंगावर बसून होता. मी चिडलो, तो नाही. "त्याइचं पाय तुटलं, माहं कोपर सटकते. कोण आधी?" आठवड्याने पुन्हा नंबर लागला.

पूर्ण भूल दिली नाही. मानेच्या खाली, खांद्याजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला. त्यात धोका कमी आणि खर्चही कमी. दादा जागा होता, पडद्यापलीकडचं बोलणं ऐकत होता. नंतर डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून सांगितलं की सगळ्यात नाजूक काम कोणतं होतं. दंडाच्या हाडावर नवा पट्टा नेमका कुठे बांधायचा, ती जागा शोधणं. चुकीच्या जागी बांधला तर हात मिटताना ढिला पडतो किंवा उघडताना तुटतो. यासाठी त्यांनी साधा दोरा वापरला. खालच्या हाडातल्या बोगद्यातून दोरा ओवायचा, त्याचं टोक दंडाच्या हाडावर बोटाने दाबून धरायचं आणि हात मिटून-उघडून पाहायचं. ज्या बिंदूवर दोरा पूर्ण हालचालीत सारखाच ताठ राहतो, तिथे बोगदा पाडायचा. मी पंधरा वर्षं कोड लिहितो, पण इतकी सुंदर टेस्ट केस मी आजवर लिहिलेली नाही. हे सगळं दंडाला आवळलेला, रक्त थांबवणारा पट्टा सोडायच्या आत, म्हणजे साधारण दोन तासांत उरकायचं असतं.

तो दिवस संपला तेव्हा मला वाटलं, झालं काम. खरं काम तिथून सुरू झालं.

सुरुवातीला दोन आठवडे प्लास्टरची अर्धी खोळ. टाके निघाल्यावर बिजागरीचा पट्टा हवा होता, जो हात पूर्ण सरळ होऊ देत नाही. नवा घ्यायचा तर पुन्हा म्हशीचा हिशेब. मी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं आणि तासाभरात अरेरा कॉलनीतल्या एका काकूंचा फोन आला. त्यांच्या मुलाचा पट्टा माळ्यावर पडला होता. काकूंनी तो धुऊन, चहा पाजून दिला, सोबत लाडवांचा डबाही. मंडळ म्हणजे गणपती आणि कोजागिरी एवढंच, असं मी कधी म्हटलं असेन तर ते परत घेतो.

नियम कडक होते. तळहात वर करून हात सरळ करायचा नाही. हात शरीरापासून बाजूला उचलायचा नाही, कारण हाताचं स्वतःचं वजनही नव्या पट्ट्यावर येतं. व्यायाम पाठीवर झोपून, हात वर आभाळाकडे धरून, कारण त्या अवस्थेत गुरुत्वाकर्षणच सांधा आत दाबून ठेवतं. दिवसातून चार वेळा. मालिश अजिबात नाही. दुखावलेल्या कोपराला चोळलं तर स्नायूंत हाड तयार होऊ शकतं आणि सांधा कायमचा आखडू शकतो, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं. पांढुर्ण्याला अडीच महिने रोज तेल लावून चोळलं होतं, तरी ते झालं नाही हे आमचं नशीब.

कोन मोजायला लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. ती रोज संध्याकाळी दादाकाकाच्या कोपराशी तो लावून आकडा सांगायची आणि मी एक्सेलमध्ये लिहायचो. रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांएवढी हालचाल पुरते, असं मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजून दाखवलं होतं. घास तोंडात घालणं, केस विंचरणं, दाराची कडी लावणं, सगळं त्यात येतं. आम्ही भिंतीवर ३० आणि १३० असे दोन आकडे चिकटवले.

पाचव्या आठवड्यात आकडा हलेना. दादा आमच्या हॉलमधल्या दिवाणावर झोपत होता, डाव्या हाताने जेवत होता, शर्टाची बटणं लावायला माझी मदत घेत होता. घरी मामा एकटे बागेला पाणी देत होते. एका रात्री तो म्हणाला, "उद्या मले गाडीत बसवून दे. बसून खाणं बस झालं." मी डॉक्टरांचे नियम वाचून दाखवायला लागलो. तो ऐकत नव्हता. मग जे सहा महिने घशात अडकलं होतं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, दादा, त्या दिवशी तू फोटो पाठवलास तेव्हा मी नीट पाहिला असता, तुला लगेच दवाखान्यात पाठवलं असतं, तर कदाचित हे काहीच करावं लागलं नसतं. आता तू अर्ध्यावर गेलास तर मला ते दुसऱ्यांदा वाटेल.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी फोटो तुले दाखवाले नव्हता पाठवला बे. मी भेलो होतो."

आपल्या विहिरीत दहा फुटांवरून उडी मारणारा माझा दादा भ्यायला होता. त्याला सल्ला नको होता, कोणाचा तरी आवाज हवा होता. आणि मी त्याला दोन ओळी टाइप करून दिल्या होत्या. पैसे द्यायला मी तयार होतो, पण तेव्हा माझ्याकडून लागणार होती ती पाच मिनिटं.

तो थांबला. बटणं तो स्वतः लावायला शिकला. सहा आठवड्यांनी पट्टा निघाला, तीन महिन्यांनी ताकदीचे व्यायाम सुरू झाले. एप्रिलच्या शेवटी मी त्याला घरी सोडून आलो आणि वहिनीच्या हातात नियमांचा कागद दिला, कारण दादावर माझा विश्वास नव्हता. सहा महिने जड काही उचलायचं नाही, हे तिने आमच्यापेक्षा कडक पाळून घेतलं. शेवटचा आकडा २० ते १३५ आहे. हात पूर्ण सरळ होत नाही, होणारही नाही. पण सटकत नाही.

आता थोडं आपल्या सगळ्यांसाठी. घरात कोणी पडलं आणि कोपर वेडंवाकडं दिसलं तर आहे तसंच झोळीत आधार द्या आणि एक्स-रे असलेल्या दवाखान्यात त्याच दिवशी जा. कोणी आधीच बसवलं असेल तरी जा, कारण आत हाड मोडलंय का हे बाहेरून कळत नाही. बोटं गार किंवा पांढरी पडत असतील, मुंग्या येत असतील, बोटं सरळ करताना असह्य दुखत असेल तर घट्ट पट्टी ताबडतोब सोडा आणि तासभरही थांबू नका. घट्ट पट्टीने रक्त अडून हात कायमचा वाकडा होऊ शकतो, हे फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलं आहे आणि आपल्या खेड्यांत ते अजूनही घडतं. तेल चोळू नका. आणि दोन-तीन महिन्यांनी कोणी खुर्चीतून एका हाताने उठताना दिसलं तर विचारा. हाड बसवणाऱ्या माणसाला मी शिव्या देत नाही. रात्रीच्या पावसात तो आला, मी फोनही केला नव्हता.

गेल्या नोव्हेंबरात दादाचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. बागेतला. संत्र्यांनी भरलेला क्रेट त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, कोपरं वाकवून, आणि मागे वहिनी कपाळाला हात लावून उभी होती. खाली एक ओळ, "किती किलो असन सांग."

मी मीटिंगमध्ये होतो. म्यूट केलं आणि त्याला फोन लावला.